गाभारा रेक्टरचा, मंडप गावाचा: इंग्लंडमधलं खेड्यातलं चर्च कसं वाचायचं

इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यातल्या चर्चच्या दाराशी बहुतेक वेळा एक माहितीपत्रक ठेवलेलं असतं. दरवाजा १२व्या शतकातला, खांब १३व्या, मनोरा १५व्या आणि छप्पर व्हिक्टोरियन काळातलं, असा काहीसा मजकूर त्यात असतो. वाचणारा गोंधळतो. मग हे चर्च नेमकं किती जुनं?

याच इमारतींच्या दुरुस्तीचा खर्च सध्या ब्रिटनमध्ये बातम्यांत आहे. संरक्षित प्रार्थनास्थळांना दुरुस्तीवरचा २० टक्के व्हॅट परत देणारी सरकारी योजना २००१ पासून चालू होती. २०२५ मध्ये सरकारने तिच्यावर दर वास्तूमागे वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा घातली, आणि गावोगावच्या चर्चचे हिशेब कोलमडले. देशाचा राजा ज्या पंथाचा प्रमुख आहे, त्या ‘चर्च ऑफ इंग्लंड’ पंथाच्या चर्चचं छप्पर गावकऱ्यांनी वर्गणी काढून का दुरुस्त करावं, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतोच.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात: चर्चचा कुठला भाग कोणाच्या पैशाने उभा राहिला आणि कोणाच्या पैशाने टिकला. हे कळलं की भिंती आपोआप वाचता येऊ लागतात.

आधी नकाशा समजून घेऊ

‘पॅरिश’ म्हणजे ठरलेल्या हद्दीचा प्रदेश. त्या हद्दीत राहणाऱ्यांचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन तिथल्याच चर्चमध्ये व्हायचं, आणि त्यांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, त्याच चर्चला जायचा. मध्ययुगात इंग्लंडमध्ये असे आठ-नऊ हजार पॅरिश होते.

चर्चची मूळ आखणी दोन खोल्यांची असते. पूर्वेकडची लहान खोली म्हणजे चान्सेल. तिथे वेदी असते आणि पाद्री पूजाविधी करतो. पश्चिमेकडची मोठी खोली म्हणजे नेव्ह. तिथे लोक जमतात. आपल्या मंदिरात गाभारा आणि सभामंडप असतो, तशीच ही विभागणी आहे. वेदी पूर्वेला असल्यामुळे होकायंत्र नसलं तरी आत शिरल्यावर दिशा कळते. लोकांचं दार बहुतेक दक्षिणेला असतं. चान्सेलच्या दक्षिण भिंतीत वेगळं लहान दार दिसलं, तर ते पाद्र्याचं.

बाकी सगळं या दोन खोल्यांना चिकटत गेलेलं आहे. पश्चिम टोकाला मनोरा येतो. नेव्हच्या बाजूंना खांबांच्या ओळीपलीकडे लांबट दालनं येतात, त्यांना आइल म्हणतात. दारापुढे पडवीसारखा पोर्च असतो.

वाटणी कशी झाली

दशमांश घेणारा हक्कदार म्हणजे रेक्टर. १३व्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये असा रिवाज पक्का झाला की चान्सेलची दुरुस्ती रेक्टरने करायची आणि नेव्हची गावाने. मनोरा आणि दफनभूमीची भिंतही गावाच्या वाट्याला आली. ज्याच्या घरात धान्य येतं त्याने गाभारा सांभाळावा आणि जे मंडपात उभे राहतात त्यांनी मंडप सांभाळावा, इतका सरळ हा हिशेब होता.

पुढे त्याला एक फाटा फुटला. अनेक चर्चचं रेक्टरपद जमीनदारांनी मठांना दान केलं. मग मठच रेक्टर झाला. धान्याचा आणि गवताचा मोठा दशमांश मठाकडे जायचा, आणि गावात विधी करायला मठ एक व्हिकर नेमायचा. व्हिकर म्हणजे बदली पाद्री. त्याला कोकरं, फळं, अंडी असा किरकोळ दशमांश मिळायचा. चाळीस-पन्नास मैलांवरच्या मठाला या गावच्या चान्सेलवर खर्च करण्याची हौस नसायची. छप्पर गळू नये एवढं केलं की झालं.

म्हणून चर्चसमोर उभं राहिल्यावर आधी दोन छपरांच्या उंचीची तुलना करावी. नेव्ह उंच, खिडक्यांनी भरलेली, १५व्या शतकातली, आणि तिला चिकटलेलं चान्सेल बुटकं, अंधारं, तिच्याहून दोनशे वर्षं जुनं, असं दृश्य वारंवार दिसतं. गावाकडे लोकरीचा पैसा आला होता आणि रेक्टर दूर होता, एवढाच त्याचा अर्थ. ग्लॉस्टरशरमधल्या नॉर्थलीचच्या चर्चमध्ये लोकरीचा व्यापारी जॉन फोर्टी याचं थडगं आहे. तो १४५८ मध्ये वारला. थडग्यावरच्या पितळी प्रतिमेत त्याचा एक पाय मेंढीवर आणि दुसरा लोकरीच्या गाठोड्यावर आहे. नेव्हचे पैसे कुठून आले, ते त्याने पायाखालीच दाखवून ठेवलं.

उलटं उदाहरणही आहे. लिंकनशरमधल्या हेकिंग्टनचा रेक्टर रिचर्ड डी पॉट्सग्रेव्ह हा दुसऱ्या एडवर्ड राजाचा धर्मगुरू होता. १४व्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने बांधलेलं चान्सेल इतकं नक्षीदार आहे की पाहणाऱ्याचे पाय तिथेच थबकतात. रेक्टर श्रीमंत आणि हौशी असला की गाभारा असा उजळून निघतो.

गाव आपल्या वाट्याचे पैसे कसे जमवत असे? दरवर्षी निवडले जाणारे दोन चर्चवॉर्डन हिशेब ठेवत. लोक मृत्युपत्रात चर्चला पैसे, मेंढ्या, बार्ली ठेवत. आणि सणाला गाव मिळून बिअर गाळून विकत असे. या उत्सवाला ‘चर्च-एल’ म्हणत. त्यातून आलेला नफा थेट छपरात आणि घंटांत जायचा. लिंकनशरमधल्या लाउथ गावाच्या चर्चचा निमुळता कळस १५०१ ते १५१५ या काळात बांधला गेला. हिशेबवहीनुसार त्याला ३०५ पौंडांच्या आसपास खर्च आला. पंधरा वर्षं थोडे थोडे करून जमवलेले हे पैसे होते.

मनोरा कसा चढतो: वॉल्बर्सविकचा करारनामा

बांधकाम प्रत्यक्षात कसं चालायचं, हे एका कागदावरून फार चांगलं कळतं. सफकच्या किनाऱ्यावरच्या वॉल्बर्सविक गावाने १४२६ मध्ये मनोऱ्यासाठी दोन गवंड्यांशी करार केला. डनिचचा रिचर्ड रसेल आणि ब्लायबरोचा ॲडम पॉल अशी त्यांची नावं. नकाशा काढण्याची भानगड नव्हती. मनोरा टनस्टॉलच्या मनोऱ्यासारखा आणि पश्चिमेचं दार हेल्सवर्थच्या दारासारखं, असं सरळ लिहिलं होतं. शेजारच्या गावाचं काम हाच नमुना. एका भागातले मनोरे एकमेकांची भावंडं वाटतात, त्याचं कारण हे.

मापं मात्र स्पष्ट होती. मनोरा आतून १२ फूट रुंद, भिंती ६ फूट जाड, कोपऱ्यांना चार पुस्ते. मजुरी प्रत्येक यार्ड उंचीला ४० शिलिंग, म्हणजे काम जसं चढेल तसा पैसा. त्याशिवाय दरवर्षी हेरिंग माशांचं एक पिंप आणि एकदा अंगरखा. गाव मासेमारीचं होतं, तेव्हा मजुरीत मासे आले. घडीव दगड, गारगोट्या, चुना, वाळू, पाणी आणि परांचीचं सामान पुरवण्याची जबाबदारी गावाची होती.

करारातली सगळ्यात महत्त्वाची अट कामाच्या हंगामाची. पहिलं वर्ष सोडून दरवर्षी काम २५ मार्चच्या सणापासून २९ सप्टेंबरच्या सणापर्यंतच चालायचं. कारण चुन्यात आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखा होतो, आणि ६ फूट जाड भिंतीच्या पोटात ही क्रिया अतिशय मंद चालते. ओल्या चुन्यात थंडी शिरली की पाण्याचा बर्फ होतो, फुगतो आणि सांधे फुटतात. घाईने उंची वाढवली तर वरच्या वजनाने खालचा कच्चा भाग दबून बाहेर फुगतो. म्हणून वर्षाला साधारण १० फूट चढवून थांबायचं आणि हिवाळ्यात भिंतीचा माथा झाकून ठेवायचा, अशी रीत होती. मनोऱ्याच्या भिंतीवर ठरावीक अंतरावर ओळींत चौकोनी भोकं दिसतात. ती परांचीची लाकडं रोवण्यासाठी ठेवलेली असत. काम संपल्यावर ती बुजवत, पण खूण राहतेच.

सफकमध्ये घडवता येईल असा दगड जवळपास मिळत नाही, मिळतात गारगोट्या. भिंतीचं पोट गारगोट्या आणि चुन्याचं, आणि बाहेरून आणलेला महाग दगड फक्त कोपऱ्यांना, खिडक्यांना, दाराला. भिंतीकडे पाहून त्या गावाच्या पायाखाली काय आहे, हे सांगता येतं.

भिंत न पाडता जागा कशी वाढवत

गाव वाढलं की नेव्ह अपुरी पडायची. सगळं पाडून बांधायला पैसा नसायचा, आणि रविवारची पूजा थांबवता येत नसे. मग जुन्या भिंतीबाहेर आइलची नवी भिंत आणि छप्पर उभारायचं. ते झालं की जुन्या भिंतीत ठरलेल्या जागी उभे चर कापून खांब घालायचे, त्यांच्यावर कमानी बसवायच्या आणि शेवटी कमानीखालची भिंत काढून टाकायची. वरचा भाग जागच्या जागी तरंगत राहतो.

यातून एक विचित्र गोष्ट घडते: कमानीच्या वरची भिंत कमानीहून जुनी असते. म्हणून आत गेल्यावर खांब पाहून झाले की मान वर करावी. अर्धी कापलेली लहानशी खिडकी तिथे दिसू शकते. नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या गेडिंग्टनला आइलमध्ये उभं राहून वर पाहिलं, तर त्रिकोणी टोकांच्या कमानींची सॅक्सन, म्हणजे १०६६ च्या आधीची, नक्षी दिसते. आज ती छपराखाली आहे. कोरली तेव्हा ती बाहेरची भिंत होती.

आइल आले की नेव्हच्या मूळ खिडक्या झाकल्या जातात आणि मध्यभाग काळोखा होतो. त्यावर तोडगा म्हणजे खांबांवरची भिंत आणखी उंच करून तिच्यात झरोक्यांची रांग काढणं. १५व्या शतकात हे काम सर्रास झालं. त्यासाठी जुनं उभ्या उताराचं छप्पर काढून जवळजवळ सपाट छप्पर घालत, आणि त्यावर शिशाचे पत्रे. शिसं उभ्या उतारावर स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकतं, सपाटावर टिकतं. मनोऱ्याच्या पूर्व बाजूला उलट्या ‘व्ही’सारखी दगडी रेघ दिसली, तर ती जुन्या छपराची खूण समजावी.

शतक ओळखायचं कसं

१८१७ मध्ये वास्तुविशारद टॉमस रिकमन याने मध्ययुगीन शैलींना नावं दिली, तीच आजही चालतात. नावं लक्षात ठेवली नाहीत तरी चालेल, खिडकीचा आकार ठेवावा. गोल कमान, जाड भिंत आणि नागमोडी कोरीव पट्टा असेल तर नॉर्मन, म्हणजे १०६६ ते ११९० च्या आसपास. उंच, अरुंद, टोकदार आणि एकेकटी खिडकी १३व्या शतकातली. खिडकीच्या माथ्यावर दगडी जाळीत वळणदार पाकळ्या असतील तर १४व्या शतकाचा पूर्वार्ध. दगडी पट्ट्या सरळ रेषेत थेट माथ्यापर्यंत चढत असतील तर त्यानंतरचा काळ, साधारण १५४० पर्यंत. मध्ये १३४८-४९ ची प्लेगची साथ येते. निदान तिसरा हिस्सा माणसं गेली. काही चर्चमध्ये अर्धवट थांबलेलं काम नंतर वेगळ्याच शैलीत पुढे गेलेलं दिसतं.

नॉर्मनांच्या आधीची सॅक्सन चर्चही थोडी उरली आहेत. डरम परगण्यातलं एस्कम ७व्या शतकाच्या अखेरचं मानतात. उंच, अरुंद, आणि जवळच्या पडक्या रोमन किल्ल्याचे दगड वापरून बांधलेलं. तिथे दगड चर्चपेक्षाही जुने आहेत.

खिडकी एकटीच साक्षीदार म्हणून पुरत नाही, कारण जुन्या भिंतीत नवी खिडकी बसवणं सगळ्यात सोपं. भिंतीत वरपासून खालपर्यंत उभा सरळ सांधा दिसला, तर तिथे दोन वेगळी बांधकामं भेटतात. दक्षिण दाराजवळ दगडावर मध्ये भोक आणि त्याभोवती ओरखडे दिसले, तर ती पूजेची वेळ पाहायची सूर्यघडी. ती पोर्चच्या सावलीत असेल, तर पोर्च नक्कीच नंतरचा. सावलीत कोणी सूर्यघडी कोरत नाही.

आतली भिंत उघडी का? कुठेही न जाणारा जिना कशाला?

मध्ययुगात आतून उघडा दगड जवळपास नव्हताच. भिंतींना गिलावा होता, त्यावर चित्रं होती. नेव्ह आणि चान्सेल यांच्यामध्ये नक्षीदार लाकडी पडदा, त्यावर माळा आणि माळ्यावर क्रूसावरच्या येशूची मोठी मूर्ती असे. आठव्या हेन्री राजाने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि त्याच्या मुलाच्या राजवटीत, १५४७ पासून, मूर्ती काढण्याचे हुकूम सुटले. चित्रांवर चुना फिरला, माळे उतरवले गेले. भिंतीत अर्ध्या उंचीवर उघडणारं दार आणि त्याकडे जाणारा चिंचोळा जिना दिसतो, तो त्या माळ्याचा. पुढे १६४३-४४ मध्ये विल्यम डाउझिंग या मूर्तिभंजकाने सफक आणि केंब्रिजशरमध्ये गावोगाव फिरून उरलेल्या काचा आणि प्रतिमा फोडवल्या. ग्लॉस्टरशरमधल्या फेअरफर्डला मध्ययुगीन रंगीत काचेच्या २८ खिडक्यांचा संच टिकला, हे म्हणूनच नवल आहे.

दुसरा घाव प्रेमापोटी पडला, आणि मला तो जास्त लागतो. १९व्या शतकातल्या वास्तुविशारदांना १३-१४व्या शतकातलं चर्च हाच आदर्श वाटे. त्यांनी गिलावा खरवडला, त्याबरोबर चित्रंही गेली. १५व्या शतकातल्या अस्सल खिडक्या काढून ‘जुन्या’ धर्तीच्या नव्या बसवल्या. धारदार, एकसारख्या कडा असलेलं कोरीवकाम दिसलं की आधी हाच संशय घ्यावा. या खरवडण्याविरुद्ध कलावंत आणि लेखक विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणाची संस्था काढली. तोच व्हिक्टोरियन आदर्श आपल्याकडेही आला: १८५८ मध्ये वापरात आलेलं कुलाब्याचं अफगाण चर्च म्हणजे इंग्लिश पॅरिश चर्च कसं असावं याबद्दलची त्या काळची कल्पना, मुंबईच्या दगडात उतरवलेली.

गाभाऱ्याचं बिल २००३ मध्ये

ही वाटणी इतिहासजमा झाली असं वाटेल. झालेली नाही. हेन्रीने १५३६ ते १५४० मध्ये मठ बरखास्त केले आणि त्यांच्या जमिनी विकल्या. जमिनीबरोबर रेक्टरपणही विकलं गेलं. दशमांश मिळवायचा आणि चान्सेल दुरुस्त करायचं, हे हक्क आणि कर्तव्य सामान्य जमीनमालकाकडे आले. पुढे शेतजमिनींची फेरवाटणी होताना अनेक ठिकाणी दशमांशाऐवजी जमीन दिली गेली, आणि कर्तव्य त्या जमिनीला चिकटलं.

वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलोत एका दांपत्याकडे वारशाने शेत आलं. त्यात १८व्या शतकातल्या अशा वाटणीतली जमीन होती. गावच्या चर्चने चान्सेलच्या दुरुस्तीचं बिल त्यांना पाठवलं. खटला संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या न्यायाधीशांपर्यंत गेला आणि २००३ मध्ये निकाल चर्चच्या बाजूने लागला. अखेरची रक्कम सुमारे १,८७,००० पौंड ठरली, वकिलांचा खर्च वेगळा. त्यानंतर इंग्लंडमध्ये घर घेताना वकील या जबाबदारीची चौकशी करू लागले. १३ ऑक्टोबर २०१३ पर्यंत जमीन नोंदणीत तिची नोंद झाली नसेल, तर त्यानंतर पैसे मोजून ती जमीन घेणाऱ्यावर ती सहसा येत नाही.

पण चर्च ऑफ इंग्लंडकडे अब्जावधी पौंड आहेत ना?

आहेत. मध्यवर्ती निधी १० अब्ज पौंडांच्या वर आहे. त्याचं उत्पन्न पाद्र्यांची निवृत्तिवेतनं, गरीब भागांतलं काम अशा गोष्टींकडे जातं. इमारत मात्र ज्या त्या गावाच्या चर्च समितीच्या गळ्यात असते. गावाकडून सक्तीने चर्चपट्टी घेण्याचा अधिकार १८६८ मध्ये संपला आणि नेव्हसाठी उरली ती ऐच्छिक वर्गणी. सरकार नियमित अनुदान देत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे १६,००० वास्तू आहेत आणि त्यातल्या १२,००० हून अधिक संरक्षित यादीत आहेत. म्हणजे खर्च गावाचा, पण इमारतीत मोठा बदल करायचा तर चर्चच्या न्यायाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

बिघडतं काय?

बहुतेक वेळा पाणी. पन्हळ पानांनी तुंबते, पाणी भिंतीच्या माथ्यात शिरतं, तुळयांची भिंतीत बसलेली टोकं कुजतात. बाहेरून काही दिसत नाही, आणि दिसेपर्यंत लाखाचं बिल झालेलं असतं. पन्हळ वर्षातून दोनदा, विशेषतः पानगळ संपल्यावर, साफ करणं हा सगळ्यात स्वस्त इलाज.

दुसरं कारण सिमेंट. २०व्या शतकात चुन्याच्या सांध्यांवर सिमेंटचा दरजा भरला गेला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं. मग ओल दगडातून बाहेर पडते, थंडीत गोठते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. सांधा नेहमी दगडापेक्षा मऊ हवा: झिजायचं तर सांध्याने झिजावं, तो पुन्हा भरता येतो.

तिसरं कारण चोरी. शिशाचा भाव चढला की रात्रीत छप्पर सोललं जातं. अनेक वेळा पावसाचं पाणी आत पडल्यावरच कळतं. आता परवानगी घेऊन त्या जागी कथिलाचा लेप दिलेल्या स्टेनलेस स्टीलचे पत्रे घालतात. शिशासारखे ते राखाडी दिसतात आणि चोराला त्यात फारसं काही मिळत नाही.

दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी करून घेणं १९५५ च्या कायद्यापासून आवश्यक आहे. त्या अहवालात कामं तातडीनुसार लावलेली असतात, आणि गावची समिती त्या यादीवरून निधी मागते.

परवडत नसेल तर इमारत लहान का करत नाहीत?

केलेली आहे, आणि काही ठिकाणी चर्च बंदच केलं. आज बंद पडलेल्या चर्चपैकी साडेतीनशेहून अधिक एका राष्ट्रीय न्यासाकडे आहेत. १९६९ मध्ये निघालेला हा न्यास फक्त ती टिकवण्यासाठी आहे. पण इमारत लहान करण्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण पुन्हा वॉल्बर्सविकचंच. मनोरा झाल्यावर त्या गावाने १५व्या शतकाच्या अखेरीस त्याला शोभेलशी प्रचंड नेव्ह बांधली. नंतर बंदराचा धंदा बसला, मूर्तिभंजक येऊन गेले, आणि उरलेल्या थोड्या कुटुंबांना एवढं छप्पर पेलेना. १६९५ मध्ये त्यांनी परवानगी घेऊन ते उतरवलं आणि दक्षिणेच्या आइलपुरतं लहान चर्च ठेवलं. आजही पूजा तिथेच होते. बाजूला छप्पर नसलेल्या उंच भिंती उभ्या आहेत, आणि पश्चिमेला यार्डाला ४० शिलिंग दराने चढवलेला तो मनोरा.